झुलीचा मान

आक्का, लोक अजूनही समाचाराला येतात, ओसरीवर बसतात आणि म्हणतात, "थंडी बाधली म्हणायची." मी मान हलवितो. तुझ्या या धाकट्या भावाने उभा जन्म मुलांना कार्यकारणभाव शिकविण्यात घालविला: कार्याच्या आधी कारण, आणि त्या कारणाच्याही आधीचे कारण. पण समाचाराला आलेल्या माणसाला थंडीच्या मागे घोडी, घोडीच्या मागे झूल आणि झुलीच्या मागे आपण दोघे, अशी साखळी कशी उलगडून दाखवावी? म्हणून ती तुझ्यापुढेच उलगडतो. तुला ती ठाऊक आहे. मात्र तिची एक कडी तू नेहमी चुकीच्या जागी जोडीत होतीस, आणि त्याविषयी आपले बोलणे पुरे झाले नाही.

लढाई संपली तसे नगरच्या रस्त्यांवर बेवारशी घोडे दिसू लागले. पेट्रोलच्या टंचाईत ज्यांच्या जिवावर टांगे चालले, ते मोटारी पुन्हा धावू लागताच नकोसे झाले; पलटणीने काढून टाकलेले काही होतेच. माळीवाडा वेशीबाहेर लिंबाखाली उभा असलेला तो पहिला घोडा मला अजून दिसतो. टांगेवाल्याने त्याच्या खरजेवर मोटारीतले जळके काळे तेल फासले होते, आणि त्या तेलाखाली कातडे सोलून निघाले होते. तू भाजीची पिशवी माझ्या हाती दिलीस आणि त्याला विचारलेस, "तुझ्या अंगाला खरूज झाली तर हेच तेल लावशील का रे?"

"गराजात फुकाट मिळतं आक्का. लावलं."

"मग घोडाही फुकटच दे."

"न्या की! खायाला बी तुमीच घाला. लई खातो त्यो."

भर बाजारातून पुढे तू, तुझ्यामागे घोडा आणि घोड्यामागे वांग्यांची पिशवी सांभाळणारा शाळेचा मुख्याध्यापक, अशी मिरवणूक निघाली. विधवा बाईने घोड्याचा दोर धरून चालावे, हे पाहून दुकानदार पायरीवर येऊन उभे राहिले. मी लाजलो होतो. तू मागे वळून एवढेच म्हणालीस, "बापू, पिशवीतली कोथिंबीर घोडा ओढतोय. वर धर."

पुढे पेठेतल्या शेटजींनी आपल्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचे आवार दिले, चार सज्जनांचे मंडळ झाले, पाथर्डीकडचा गेणू राखणीला आला आणि आपले काम सुरू झाले. मी त्या कामाला पद्धत दिली. खरूज म्हणजे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, रक्तातली उष्णताही नव्हे. डोळ्यांना न दिसणारा एक किडा कातड्यात बिळे करून राहतो, त्याची ती करणी आहे, हे मी मंडळाला समजावून दिले. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली एका खपलीचा कोर ठेवून तो किडा तुला दाखविला, तेव्हा तू नळीवरून डोळा न काढता म्हणालीस, "अगबाई, आठ पाय! देवाने घोड्याला चारच दिले आणि या मेल्याला आठ?"

उपचाराचा क्रम मीच ठरविला. प्रथम केस कापायचे, कारण केसांच्या रानात औषध मुळापर्यंत पोचत नाही. मग खपल्या मऊ करायच्या, साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचे, उन्हात वाळवायचे, आणि करंजाच्या तेलात खललेला गंधक चोळायचा. किडे मेले तरी त्यांची अंडी राहतात. ती फुटली की नवी पिढी निघते, म्हणून बरे वाटू लागल्यावरही हा क्रम पुन्हा पुन्हा करावा लागतो. भिंतींना चुना द्यायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका घोड्याची वस्तू दुसऱ्याला लावायची नाही. प्रत्येकाचा खरारा वेगळा, तोबरा वेगळा, दोर वेगळा, आणि त्या त्या घोड्याच्या वस्तूंना त्याच्या रंगाची चिंधी बांधलेली.

"हेडमास्तर, आता घोड्यांना हजेरीसुद्धा द्यायला शिकवा," तू म्हणायचीस. पण चिंध्या तूच बांधल्यास, आणि त्या कधी बदलू दिल्या नाहीस.

एका बाबतीत मात्र तू माझे ऐकले नाहीस. खपली मऊ झाली की मी ती सुरीच्या पाठीने खरवडून काढी. मला काम पुरे झालेले दिसायला हवे असे. तू माझ्या हातातून सुरी काढून घेतलीस. "तेल लाव आणि उद्या ये. खपली ओढायची नसते बापू, सुटू द्यायची असते." पलटणीतून काढलेला, आपण ज्याला सुभेदार म्हणत होतो तो म्हातारा घोडा, माझ्या सुरीला दात दाखवी आणि तुझ्या तेलाला मान वाकवी. खाली नवे कातडे गुलाबी आणि न चिरलेले निघे. हे मी तुझ्याकडून शिकलो, आणि त्याबद्दल तुला कधी काही म्हणालो नाही. विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिले तर मी "ठीक" म्हणतो. तुला तर मी तेवढेही म्हटले नाही.

मग नवरात्राच्या तोंडावर सगुणा आली. कोणी रात्रीतून आवाराच्या फाटकाला बांधून गेले होते. अबलख घोडी, पण पांढरे कोठे आणि तांबडे कोठे हे सांगता येऊ नये, इतके अंग उघडे पडलेले. मानेच्या कातड्याला हत्तीसारख्या घड्या. खाजेने तिने आपली शेपटी भिंतीला घासून मुळापासून बोडकी केली होती. गेणू म्हणाला, "आक्का, ही काय वाचत न्हाई. उगं गंधक वाया घालू नगा." तू तिच्या नाकपुडीवर हात ठेवलास आणि नाव ठेवून टाकलेस. नाव ठेवलेले जनावर मरत नाही असा तुझा सिद्धान्त होता. मी तो कधी मान्य केला नाही, आणि खोडण्याइतका पुरावाही मला मिळाला नाही.

तिला आवाराच्या दूरच्या कोपऱ्यात वेगळे बांधले. इथपर्यंत आपल्याकडून कोणतीही चूक झाली नाही.

दसऱ्याला घोड्याचा मान असतो. ज्यांना कोणी उभे करून घेत नाही त्या आपल्या घोड्यांनाही तो मान मिळावा, असे तुला वाटले, आणि मलाही वाटले. खर्ड्याच्या एका घरंदाज कुटुंबाने त्यांची जुनी झूल दिली होती: लाल, जाड, काठाला गोंडे. ती आली त्या दिवशी तू उन्हात घातलीस, झटकलीस, तिच्यावर गंगोदक शिंपडलेस आणि सोवळ्याच्या पेटीत ठेवलीस. त्या क्षणापासून ती घोड्याची वस्तू उरली नाही, पूजेची झाली. चिंध्यांचा नियम खराऱ्याला होता, तोबऱ्याला होता, दोराला होता. जी वस्तू सोवळ्यात आहे ती शुद्ध आहे, हे आपल्या घरात कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. ते आपण पाटावर बसायला शिकलो तेव्हाच शिकलो होतो.

"झूल एकच," शेटजी म्हणाले. "एखाद्या देखण्या घोड्याला घाला."

"आणि बाकीच्यांनी बघत उभं राहायचं?" तू म्हणालीस. "ओवाळताना प्रत्येकाच्या अंगावर घालू. आणि जी सगळ्यांत दुबळी तिचा मान पहिला."

गेणू हसला. "मंग काय, सगुनाबाई पाटलीन झाली म्हनायची!"

सगुणेच्या उघड्या पाठीवर तू झूल घातलीस. तिला हळदकुंकू लावलेस, गूळ-हरभरे दिलेस. मग तीच झूल सुभेदाराच्या पाठीवर गेली, आणि मग एकेक करून सगळ्यांच्या. निरांजनाचे तबक माझ्या हातात होते, आक्का. साऱ्या आवाराला नियम शिकविणारा मी तुझ्या शेजारी उभा होतो, आणि ज्योत वाऱ्याने विझू नये म्हणून दुसऱ्या हाताने आडोसा धरीत होतो.

दिवाळी उलटली आणि बरे झालेले घोडे पुन्हा अंग घासू लागले. मी भिंती तपासल्या, कडबा तपासला, गेणूचे खरारे तपासले. शोध तुझ्या बोटांना लागला. तू सुभेदाराच्या पाठीवरून हात फिरवीत होतीस, आणि मध्येच थांबलीस. "बापू, खरूज नेहमी मानेपासून सुरू होते ना? ही पाठीवर आहे. दोन्ही कुशींवर सारखी उतरलीय आणि एका रेषेत थांबलीय." मग दुसऱ्या घोड्याकडे गेलीस. तिसऱ्याकडे गेलीच नाहीस. तिथेच खाली बसलीस. "ही झुलीची कड आहे."

मी म्हणालो, "तसा पुरावा नाही."

ते वाक्य मी तुझ्यासाठी उच्चारले होते. दोष तुझ्यावर येऊ नये म्हणून भिंतीवर, कडब्यावर, वाऱ्यावर, जिथे जमेल तिथे तो मी ठेवीत गेलो. तू मात्र मंडळापुढे उभी राहून स्वच्छ सांगितलेस, "झूल मी घातली. चूक माझी." मग ती झूल आवाराबाहेर नेऊन जाळलीस.

मंडळ तुझ्यावर रागावले नाही, घाबरले. शेटजींचा स्वर अगदी मऊ होता. "आक्का, मुळात रोग त्या घोडीचा. तिच्यापायी बाकीचे जातील. आपण काही तिला मारत नाही; माळावर मोकळी सोडू. देव बघेल."

"शेटजी, देवाने बघितलं म्हणूनच ती आपल्या दारात आली. परत त्याच्याकडे पाठवायची म्हणजे त्याचंच काम वाढवायचं."

"मग करता काय?"

तू माझ्याकडे पाहिलेस. "बापूचा नियम पाळू. पुरा पाळू. ओढ्यापलीकडे चुन्याची जुनी भट्टी आहे, शेजारी मुकादमाची खोली आहे. घोडी तिथं राहील, मी तिथं राहीन. तिला जो हात लावील तो इकडच्यांना लावणार नाही."

मी म्हणालो, गेणू जाईल. तू म्हणालीस, गेणूला बायकोपोरे आहेत, आणि आवारातले इतके खरजुले घोडे तो नसेल तर मी एकटा कसे आवरणार? मी म्हणालो, निदान रात्री घरी ये. तू म्हणालीस, "तुझं धोतर आणि माझं लुगडं एका दोरीवर वाळणार. मग नियम कसला, हेडमास्तर?" नियम बरोबर होता. आजही बरोबर आहे. म्हणूनच त्याच्यावर रागावता येत नाही, आणि राग कोठे ठेवावा हे मला अजून सुचलेले नाही.

तो हिवाळा आपण ओढ्याच्या दोन काठांवर काढला. शाळा सुटली की मी पत्रावळीत तुझे जेवण बांधून आणी, म्हणजे पलीकडून परत काही येऊ नये. ते कोरड्या ओढ्यातल्या दगडावर ठेवून मागे सरे. मग तू खाली उतरून ते उचलीस. मी विचारी, "आज कातडं कसं आहे?" तू सांगायचीस: मानेच्या घड्या सैल होत आहेत, डाव्या कुशीवर ओल आहे, खाज आहे पण झोप लागते. मी पुढचे सांगे. सगळे केस कापले का? पुन्हा काप. गंधक रोज नको, कातडे जळते. आता वाटते, एका तरी संध्याकाळी मी तुझ्याविषयी विचारायला हवे होते.

आपला खरा वाद मात्र दुसराच होता.

"बापू, ही एकटी खात नाही. मी शेजारी बसले तरच तोबऱ्यात तोंड घालते. सुभेदाराला तुमच्या काठावर बांध, हिला दिसेल असा."

"वारा त्या काठावरून इकडे येतो."

"खरजेला पंख कधीपासून फुटले? तू तर आठ पायच दाखवले होतेस."

"खपल्या उडतात, केस उडतात."

"अरे, नुसता दिसू दे! घोडा हे कळपातलं जनावर. औषध कातड्याला मिळतं, पण खाल्ल्याशिवाय कातडं भरणार कशानं?"

"पुढच्या पंधरवड्यात बघू," मी म्हणालो. आणि सगुणेने खावे म्हणून तू तिच्याशेजारी उघड्यावर बसत राहिलीस, सकाळीही आणि उन्हे कलल्यावरही.

पौषात तुझा खोकला ऐकू येऊ लागला. मी विचारले, तेव्हा म्हणालीस, "गंधक खलताना घशात जातो." मला ते पटले. गंधकाने खोकला येतो. कारण जुळत होते. एका संध्याकाळी शाळेच्या कामामुळे मी जेवण दगडावर ठेवून तुझी वाट न पाहता परतलो. दुसऱ्या सकाळी गेणू आवारातून धावत शाळेत आला. "मास्तर, आक्का दगडापाशी आली न्हाई. कालचं जेवान तसंच हाय."

तेव्हा मी ओढा ओलांडला. तू मुकादमाच्या खोलीत चटईवर होतीस, अंगावर नुसते लुगड्याचे दुहेरी पदर. तुझे घोंगडे घोडीच्या पाठीवर होते. मीच तिचे सगळे केस कापायला लावले होते, आणि केस कापलेले जनावर नगरच्या पौषात कुडकुडते हे शास्त्र तुझ्या लक्षात आले, माझ्या नाही. एक शब्द टाकला असतास तर दुसरे घोंगडे आणले असते. पण तू मागणे मागण्यासाठी ओढ्याकाठी आली नव्हतीस; झालेले फेडायला आली होतीस.

डॉक्टर आले, छातीला शेक झाला, औषधे झाली. तुझ्या तोंडी माझ्यासाठी शेवटचे धड वाक्य होते, "इथून गेलास तर आवारात पाऊल टाकू नकोस. आंघोळ कर. कपडे उकळ." मी होकार दिला. त्याच वेळी मला म्हणायचे होते, "आक्का, झूल तू एकटीने घातली नाहीस. तबक माझ्या हातात होते. सोवळे आपल्या दोघांच्या घरातले होते. चूक तुझी नाही, आपली आहे." इतके सोपे वाक्य. दिवाळीपासून ते माझ्यापाशी तयार होते. पण 'पुरावा नाही' असे एकदा म्हटल्यावर 'पुरावा आहे, आणि तो आपल्या दोघांविरुद्ध आहे' असे म्हणणे मला जमले नाही. दिवाळीतच आपली चूक म्हटली असती तर ती फेडणेही दोघांचे झाले असते, अर्धे घोंगडे माझ्या वाट्याला आले असते.

तुझे दिवस झाले आणि मी भट्टीवर राहायला गेलो. आवार गेणूवर सोपविले. शाळेतही सांगून टाकले की काही दिवस येता येणार नाही. सगुणेला तेल लावले, खपली ओढली नाही. पण ती दाण्याला तोंड लावीना. मी शेजारी बसलो, तरी लावीना. ती पायवाटेकडे पाहात राही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी काठावरून गेणूला हाक मारली, "सुभेदाराला आण. ओढ्याच्या काठाशी बांध."

"वारं हिकडंच हाय, मास्तर."

"असू दे. बांध."

म्हाताऱ्याने मान वर करून एकदा खिंकाळी दिली. सगुणेचे कान उभे राहिले. थोड्या वेळाने मला तोबऱ्यात हरभरा भरडल्याचा आवाज आला. तुझे बरोबर होते, आक्का. हे मी तेथे मोठ्याने म्हणालो. पलीकडून गेणूने विचारले, "मला काय म्हनलात का?" मी म्हणालो, "नाही."

तुझ्या उपचाराचे फळ तुला दिसले नाही. घड्या गेल्या आहेत. कातडे मऊ झाले आहे, चिमटीत धरून सोडले की जागेवर जाते. केस परत आले आहेत, आणि आता कळते की तिच्या खांद्यावर पांढरे आहे, पाठीवर तांबडे. खपलीचे कोर मी पुन्हा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. किडा नाही, अंडे नाही. आवारातले घोडेही स्वच्छ झाले. शेटजी ओढ्यापर्यंत आले, घोडीकडे पाहिले आणि त्यांनी उपरण्याने डोळे टिपले.

काल मी तिला आवारात नेले. फाटकापाशी गेणू उभा होता. "आक्का असती तर," एवढे बोलून त्याने फाटक उघडले. मी सगुणेचा दोर सोडला. ती थोडी थबकली, मग सरळ सुभेदाराकडे गेली. दोघांनी एकमेकांची नाके हुंगली. मग म्हाताऱ्याने तिच्या मानेच्या बुडाशी, जिथे नवे केस सर्वांत दाट आहेत, तिथे दात टेकवले आणि हळूहळू खाजवू लागला. तिनेही आपले तोंड वळवून त्याच्या पाठीवर तसेच सुरू केले. निरोगी घोडे एकमेकांना असे खाजवतात. एकाचे कातडे दुसऱ्याला लागते, केसांत केस मिसळतात.

त्यांना वेगळे करायला माझा हात आपोआप वर गेला होता, आक्का. तो मी तसाच खाली घेतला, आणि ते दोघे थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो.